शाळेत कावीळ सांगितलीय

सोम., १० नोव्हें.

गेले. परत आले. उलटी झाली नाही. एवढं लिहिलं तरी आजच्याला पुरे होतं, पण पुण्याच्या दवाखान्यातल्या ताईंनी (समुपदेशक, मंगळवारी फोन) बजावलंय, रोज लिहायचं आणि शेवटी भीतीचा आकडा टाकायचा, दहापैकी. म्हणून लिहितेय. हौस नाही.

आईनं गेटपर्यंत सोडलं. कानात पुन्हा तेच. "कुणी विचारलं तर कावीळ. उलटली म्हणून एवढे महिने लागले. मामाकडं गंगापूरला होते म्हण." जसं काय मी विसरणार! जुलैपासून गल्लीला, नातेवाइकांना, शाळेला, सगळ्यांना कावीळच सांगितलीय. कावीळ बरी असते. कुणालाही होते, कुणी नावं ठेवत नाही. पोरगी हात धुऊन धुऊन कातडी निघेपर्यंत नळाशी उभी राहायची, आठ दिवसांचं साठवलेलं पाणी एका दुपारी संपवायची, शेवटी पुण्याला भरती करावं लागलं, हे कसं सांगायचं लोकांना? पप्पा म्हणतात, दहावी होऊ दे, मग बघू. मग काय बघणारेत देव जाणे.

वर्गात गेले तर सगळ्या माना एकदम वळल्या. जोशी मॅडम (क्लासटीचर) म्हणाल्या, "प्राची एवढ्या मोठ्या काविळीतून उठून आलीय, तिला सगळ्यांनी वह्या द्या." पोरांनी टाळ्या वाजवल्या. काविळीला टाळ्या! मी पण हसले येड्यासारखी.

अंजुम अजून माझ्याच बाकावर. पाचवीपासून आम्ही दोघी शेजारी. वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "काविळीत जाड झाली तू? मेरी खाला तो सूखके काडी हो गई थी." गोळ्यांनी फुगलेय मी, ते कसं सांगू? म्हणलं, मामानं उसाचा रस लई पाजला. पटलं तिला. निदान दाखवलं तरी तसं.

भी. ८.

मंगळ., ११ नोव्हें.

मधल्या सुट्टीत अंजुमनं डबा तिकडं सरकवला. सरळ तोंडावर सांगितलं, ती तशीच आहे. "अम्मी बोली, प्राचीच्या उष्ट्यात हात नको घालू. लागती ना कावीळ. बुरा मत मान."

बुरा कशाला मानू. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, शेवटी डोळ्यातून पाणी. चार महिन्यांपूर्वी मला सगळ्या जगाच्या हातांची भीती वाटायची. दारांच्या कड्या, नोटा, बाकं, आईचे हात सुद्धा. आता माझ्या हाताची भीती दुसऱ्यांना, आणि ती पण खोट्या रोगामुळं. लोकांनी लांब बसू नये म्हणून कावीळ सांगितली, आणि त्या काविळीमुळंच एकटी जेवतेय! आईला सांगितलं तर म्हणे, "बरंच झालं, डबा पूर्ण खाशील."

ताईंचा फोन. त्यांना हे सांगितलं. मग म्हणाल्या, "तुला काय वाटतं, कुणाला तरी खरं सांगावं का?" मी म्हणलं नेटवर्क नाही, ठेवते.

भी. ७.

गुरु., १३ नोव्हें.

आज बाकावर कुणाचं तरी शिंकलेलं होतं. ओलं. माझा कोपर लागला.

नियम असा: धुवायचं नाही. थांबायचं. भीती वर चढते, चढू द्यायची, आपोआप उतरते. लिहायला सोपं. इतिहासाच्या तासाला मला एक अक्षर ऐकू आलं नाही, सगळं अंग त्या कोपरात. नऊ. नऊ. मग आठ. मॅडमनी प्रश्न विचारला, मी "माहीत नाही" म्हणलं आणि उभीच राहिले. तास संपता संपता पाचवर आली. धुतलं नाही!! जिंकले.

डबा खायच्या आधी मात्र धुवायला परवानगी आहे. साबण एकदा, पाणी एकदा, मागं वळायचं नाही. नळाला गयामावशी. ती शाळा झाडते, टाकी धुते, पिंप भरते, आणि दिवसभर पोरांवर खेकसते. "आठ दिवसाला येतंय पानी, तुमच्या बापानं टाकी बांधलीया का?" जूनमध्ये मी नळ सोडेना तेव्हा तिनं माझी वेणी धरून ओढलं होतं, सहावीच्या सगळ्या पोरांसमोर. मला ती आवडत नाही. खोटं कशाला लिहू.

भी. ५. (आजची सगळ्यात कमी. खाली दोन रेघा मारल्या.)

रवि., १६ नोव्हें.

करमाडहून आत्या आली. आत्याला पण कावीळच सांगितलीय, पप्पांची सख्खी बहीण असून. पिशवीतनं काय काढलं तर माळ! काविळीची. काटक्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले. त्यांच्या गावात एक बाबा देतात. आधी डोक्यावर ठेवायची, मग जशी कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते आणि खाली सरकते, गळ्यात येते, कंबरेला येते. पायातून निघाली की रोग गेला. तोवर काढायची नाही आणि डोक्यावरून अंघोळ नाही.

डोक्यावरून अंघोळ नाही.

मी आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली आणि चहा गाळायला लागली. पप्पा पेपरात. आत्या म्हणाली, "बस गं खाली, लाजतीस काय, लई गुण हाय त्यात," आणि ठेवली डोक्यावर. तिचे हात धुतलेले नव्हते, एसटीनं आली होती. मला वाटलं ओरडावं, आत्या मला काही झालेलं नाही, म्हणजे झालंय पण ते नाही!

दुपारपर्यंत माळ खरंच कानाखाली उतरली. ओल्या काटक्या वाळल्या की गाठी सैल होतात, एवढं साधं. पण आत्या खूष. "बघ वहिनी, अजून किती हाय अंगात! डॉक्टरला काय कळतंय." आई म्हणाली, "व्हय ना." माझी आई! व्हय ना!

ती गेल्यावर माळ काढ म्हणलं तर पप्पा म्हणाले राहू दे दोन दिवस, ती व्हिडिओ कॉल करते. हे घर आहे का नाटक कंपनी.

भी. ९. डोकं धुतलं नाही.

मंगळ., १८ नोव्हें.

माळ गळ्यात आली. गणवेशाच्या कॉलरवरून दिसते. पोरं काल हसली, आज कुणी हसलं नाही, उलट दोघींनी विचारलं कुठं मिळते.

गेटवर सोनवणे काका भेटले. वर्गातल्या ऋषीचे वडील, पालक समितीत आहेत, कडक इस्त्रीवाले. ऋषीचा धाकटा भाऊ आठवीत, त्याला परवापासून कावीळ. खरी. माझी माळ बघून थांबले. "अजून उतरली नाही का तुझी? जुलैपासनं ना?"

मी हो म्हणून मान हलवली. बस. एवढंच केलं मी. नुसती मान.

काकांनी शाळेच्या टाकीकडं बघितलं आणि तसेच मुख्याध्यापकांच्या खोलीकडं गेले.

ताईंचा फोन घेतला नाही. भी. ७, का ते कळत नाही.

गुरु., २० नोव्हें.

आता कळलं का.

अंजुमनं सांगितलं, तिच्या अब्बूंच्या मोबाइलवर पालकांच्या ग्रुपचा मेसेज आलाय. शनिवारी मीटिंग. शाळेच्या टाकीतल्या पाण्यानं दोन मुलांना कावीळ, त्यातल्या एका मुलीची पाच महिने झाले तरी हटत नाही. दोषी कर्मचाऱ्याला काढून टाका. दोषी कर्मचारी म्हणजे गयामावशी. ती कंत्राटावर आहे, तिला काढायला काय लागतंय, उद्यापासून येऊ नको म्हणलं की झालं.

आणि ती एक मुलगी म्हणजे मी.

मधल्या सुट्टीत मावशी ऑफिसच्या दारात उभी राहून बोलत होती, सगळ्या व्हरांड्यात ऐकू येत होतं. "दिवाळीच्या सुट्टीत टाकी म्या धुतली की! एकलीनं! शेवाळावरनं घसरून पडले, अजून गुडघा दुखतोय. इचारा वॉचमनला." आत कुणी "बघू, शनिवारी बघू" म्हणत होतं. एका पोराला कावीळ झाली तर लोक म्हणतील बाहेर पाणीपुरी खाल्ली असेल. दोन झाली म्हणून टाकी. आणि दुसरी नाहीच! दुसरी कावीळ जगात नाहीच, ती आमच्या स्वयंपाकघरात तयार झाली!

घरी सांगितलं. पप्पा: "तुझा काय संबंध? टाकी घाण असेलच. सगळ्याच शाळेच्या असतात."
आई भाकरी थापता थापता: "बाईला दुसरीकडं काम मिळेल, प्राची. तुझं नाव एकदा गेलं की गेलं. उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगायचं आम्ही? वेडाच्या दवाखान्यात होती?"

वेडाच्या. आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आज धुतले. खूप वेळ. बादली संपली. हे लिहायचं नव्हतं पण ताई म्हणतात पडलं ते पण लिहायचं. दोन बोटांच्या मध्ये परत लाल झालंय.

भी. १०.

शुक्र., २१ नोव्हें.

जोशी मॅडमना सांगितलं. प्रयोगशाळेच्या मागं, कुणी नसताना. आधी गळ्यातली माळ काढून त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली, म्हणजे मागं फिरता येणार नाही म्हणून. मग सांगितलं, कावीळ नव्हती, हात धुण्याचं होतं, पुण्याला होते, गोळ्या अजून चालूयेत.

मॅडमनी माझा हात धरला. बरं वाटलं. आणि मग म्हणाल्या, "बाळा, हे तू मला सांगितलंच नाहीस असं समजू. दहावीचं वर्ष आहे. उगाच चर्चा नको. गयाबाईंचं मी बघते काहीतरी."
"काय बघणार मॅडम?"
"बघते म्हणलं ना."

म्हणजे काही बघणार नाहीत. चांगल्या आहेत त्या, खरंच चांगल्या आहेत, म्हणून तर राग आला. सगळे माझ्यावर एवढी माया करतायत की कुणी तोंडच उघडू देत नाही.

शाळा सुटल्यावर मावशीकडं गेले. पिंपं पालथी घालत होती. म्हणलं, मावशी, मला कावीळ झाली नव्हती.

"मंग?"

सांगितलं. तिनं पिंप खाली ठेवलं. "म्हंजी ते नळापाशी उभं राहायचीस, ते? त्यो आजार व्हता?" हो म्हणलं. मग म्हणाली, "म्या तुझी येनी ओढली व्हती." मला वाटलं माफी मागेल, तर लगेच आवाज चढला. "मला सांगून काय फायदा गं? मला ठावं हाय टाकी म्या धुतली ते! उद्या तितं सांगशील का, सगळ्यांफुडं?"

मी दप्तराचा पट्टा नीट करायला लागले.

"जाऊ दे. लेकरू हायेस." पिंप उचललं, दोन पावलं गेली आणि मागं वळली. "पर मंग माझ्या घरी जाऊन सांग, चूल कशी पेटवायची ते. पोरगी बाळंतपणाला आलीया."

संध्याकाळी पप्पांना गाठलं. शेंद्र्याहून शिफ्ट संपवून आले होते, बूट पण काढले नव्हते. म्हणलं, उद्या मीटिंगला सांगा कावीळ नव्हती म्हणून. फक्त तेवढं. पुण्याचं नका सांगू.
पप्पा विचारात पडले. खरंच विचार करत होते. "बरं. कावीळ नव्हती, टायफॉईड होता म्हणतो."
"पप्पा, टायफॉईड पण पाण्यानंच होतो."
"मग डेंग्यू?"
"डेंग्यूचे डास साठवलेल्या पाण्यात होतात. टाकीत."
पप्पा माझ्याकडं बघत राहिले. आणि दोघांना एकदम हसू आलं, लई दिवसांनी. आई आतून ओरडली, काय झालं. कुणी सांगितलं नाही.
मग पप्पा म्हणाले, "बघतो काय ते. तू घरी थांब."
म्हणलं, मी येणार.

भी. ९. पण हसले ते धरून ८.

शनि., २२ नोव्हें.

नीट लिहिते, नाहीतर नंतर मीच वेगळं आठवेन.

मोठ्या वर्गात मीटिंग. पालक बाकांवर अवघडून बसलेले, गुडघे वर. पप्पा आणि मी मागच्या रांगेत. पोरांपैकी मी एकटीच. गयामावशी दाराशी उभी, तिला कुणी बस म्हणलं नाही. जोशी मॅडमनी मला बघितलं आणि डोळ्यांनीच नको नको केलं.

सोनवणे काका बोलले. वाईट नाही बोलले, पोरगं आजारी आहे त्यांचं. "एक केस असती तर मी गप्प बसलो असतो सर. दोन झाल्यात."

मुख्याध्यापकांनी पप्पांना विचारलं. "हां, तुम्ही सांगा. मुलीचं निदान काय होतं?"

पप्पा उठले. मला वाटलं सांगतील. शप्पथ वाटलं. त्यांनी घसा साफ केला, शर्टाची बाही खाली ओढली आणि म्हणाले, "कावीळच होती सर. रिपोर्ट घरी आहेत."

आणि बसले. माझ्याकडं बघितलं नाही.

मला पप्पांचा राग आला नाही त्या क्षणी. हे मुद्दाम लिहून ठेवते. त्यांचा सगळा मानेचा भाग घामानं ओला झाला होता, आणि मला कळलं की भीतीचा आकडा फक्त मलाच असतो असं नाही.

मग मी उठले. नळ आठवला, नळाकडं पळावंसं वाटलं. म्हणलं, "सर, मला कावीळ झाली नव्हती." आवाज एवढा बारीक आला की पुढच्यांना ऐकूच गेला नाही, परत म्हणावं लागलं. एकदा सांगायला जीव जात होता आणि दोनदा सांगावं लागलं! "मला हात धुण्याचा आजार होता. डोक्याचा. भीतीचा. मी पुण्याला दवाखान्यात होते, अजून औषध चालू आहे. शाळेच्या पाण्यानं मला काहीच झालेलं नाही."

पुढच्या बाकावरची कुणीतरी बाई हळूच शेजारणीला, "अगं बाई, एवढीशी पोर." मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक आहे, बस बेटा." सोनवणे काका तसेच उभे. म्हणाले, "मग तू मला गेटवर हो का म्हणालीस?"

म्हणलं, "चुकलं काका."

पाण्याची तपासणी करू, तोवर गयाबाईंचा निर्णय पुढं ढकलू, असं ठरलं. म्हणजे वाचली असं नाही. पुढं ढकलली. दारातून बाहेर पडताना मावशी मला काही बोलली नाही. मला वाटलं होतं बोलेल. खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं.

जालना रोडनं पप्पांच्या गाडीवर घरी निघालो. मुकुंदवाडीच्या सिग्नलला मी म्हणलं, पप्पा. तर म्हणाले, "नीट धरून बस."

भी. लिहिता येत नाही. आकडाच सुचत नाही.

रवि., २३ नोव्हें.

आई सकाळपासून बोलत नाही. भांडी बोलतायत. आत्याचा फोन आला होता, करमाडपर्यंत पोचलं. आई फोन घेऊन बाहेर जाऊन बोलली, आत आली तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, आत्या काय म्हणाली. "काय म्हणणार! म्हणे माझ्यापासनं लपवलं? मी काय परकी?" आणि पदरानं नाक पुसत म्हणाली, "तिला तेच लागलंय. बाकी काहीच बोलली नाही ती. त्याचंच रडू आलं."

वर्गाच्या ग्रुपवर मेसेज चढत चाललेत. उघडले नाहीत. अंजुमचा वेगळा एक: "मेरेकू पहिलेच सांगना था ना." बाकी काही नाही. चिडलीय का रडतेय ते कळत नाही त्यातून. चार वेळा उत्तर लिहिलं, चार वेळा खोडलं.

ऋषीनं काकांकडून ऐकून ग्रुपवर काय सांगितलं असेल? पोरं नळावर मला बघून हात चोळून दाखवतील. दाखवतीलच, ऋषीच्या जागी मी असते तर मी पण... आणि मी एकदाच धुतले तरी सगळे मोजतील. नाही धुतले तरी म्हणतील बघा, धुतले नाहीत. मॅडम माझ्याशी हळू आवाजात बोलतील. ते सगळ्यात वाईट.

जेवताना आई म्हणाली, "उद्या नको जाऊ. आठवडाभर जाऊ दे. लोक विसरतात."
पप्पा कालपासून पहिल्यांदा बोलले. ताटातून वर न बघता. "जाईल ती."
"तुम्हाला काय माहीत?"
"काल बघितलं मी."
"पोरगी आहे हो ती. किती सहन करायचं तिनं?"
"म्हणून तर म्हणतो."

आता दोघं बाहेर बसून तेच बोलतायत, जाऊ दे, नको जाऊ दे, आवाज कधी चढतो कधी उतरतो. मी इथं आत आहे, दार उघडं आहे, आणि अजून दोघांपैकी एकानं पण मला विचारलं नाही.

विचारलं तर हो म्हणणार आहे. भी. ९, तरी हो. पण विचारा की कुणीतरी.